बर्फाची फळी, वाळूचा उतार: प्रकल्प नोंदी

९ ऑक्टोबर

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे फाटे फुटायला नकोत. हाताशी एक जुना स्नोबोर्ड आहे, म्हणजे आडवं उभं राहून बर्फावरून घसरायची फळी. लांबी १५५ सेंटिमीटर, कमरेला, म्हणजे मधल्या अरुंद भागात, रुंदी साधारण २५. पोलादी कडा बोथट झाल्यात, तळावर ओरखडे आहेत, बाइंडिंग, म्हणजे पाय बोर्डाला धरून ठेवणाऱ्या पकडी, मात्र ठणठणीत. बर्फावर त्याचं काही राहिलेलं नाही. हाच बोर्ड वाळूच्या टेकडीवरून खाली आणायचा, आणि तोही उभ्याने. बसून किंवा पालथं पडून कशावरूनही घसरता येतं, त्याची नोंद ठेवायची गरज नाही. उभं राहून, दोन्ही बाजूंना वळणं घेत खाली आलं की काम झालं असं धरायचं.

वाळूसाठी वेगळे बनवलेले बोर्ड मिळतात आणि ते चांगले असतात. ज्याला फक्त घसरायचंय त्याने तेच घ्यावेत. मला बघायचंय ते हे, की बर्फावर सुसाट जाणारी फळी वाळूवर नेमकी कशाने अडते आणि किती बदल केला की ती सुटते.

टेकडी निवडताना दोन गोष्टी पक्क्या केल्या. वाळू उघडी हवी, गवत किंवा वेली धरलेली नको. किनाऱ्यालगतच्या पहिल्या रांगेतल्या टेकड्यांची वाळू गवताच्या मुळांनीच धरून ठेवलेली असते. तिथे बोर्ड घातला की मुळं तुटतात आणि वारा त्या फटीतून टेकडी पोखरायला लागतो. दुसरं, पायथ्याला मोकळं, सपाट मैदान हवं: दगड नाही, झुडूप नाही, कुंपण नाही, गाड्यांची वाट नाही. आणि जिथे परवानगी लागते तिथे ती आधी.

११ ऑक्टोबर

बोर्ड आहे तसा नेला. काही न करता काय होतं ते कळल्याशिवाय पुढच्या बदलाला अर्थ नाही.

टेकडीच्या दोन बाजू अगदी वेगळ्या. वाऱ्याकडची बाजू लांबट आणि मंद, १०-१५ अंशांची, वाऱ्याने दाबून टणक झालेली. पलीकडची, आडोशाची बाजू मात्र वाळू जितकी उभी राहू शकते तितकी उभी. कोरडी वाळू साधारण ३० ते ३४ अंशांवर थांबते. त्याहून उभी झाली की आपणहून ओघळते आणि पुन्हा त्याच कोनावर येऊन बसते. म्हणजे टेकडी कितीही उंच असली तरी कोरड्या वाळूत याहून तिरका उतार मिळायचा नाही. हे वाक्य सहज लिहिलं खरं, पण सगळा प्रकल्प याच्याभोवतीच फिरणार असं दिसतंय.

माथ्यावरून सोडलं तर बोर्ड जागचा हलेना. शरीराला हिसका देऊन सरकवला तेव्हा कुरकुरत निघाला, माणूस चालेल त्या वेगाने खाली आला आणि जिथे उतार जरासा सैल होतो तिथे गपकन थांबला. बोर्डाचं नाक, म्हणजे पुढचं टोक, वाळूत आणि मी नाकाच्या पुढे.

नंतर तळ उन्हात धरून पाहिला. जुने ओरखडे लांब, खोल, मोजके. त्यांच्यावर आता बारीक, दाट रेघांचं जाळं उमटलं होतं, सगळ्या रेघा नाकापासून शेपटीकडे. बोट फिरवलं तर गुळगुळीत तळाला मखमलीसारखा खरखरीतपणा आलेला. मधेच दोन-तीन चमकणारे ठिपके दिसले म्हणून भिंग आणलं. वाळूचे कण होते, प्लॅस्टिकमध्ये अर्धे रुतलेले.

१४ ऑक्टोबर

आजचा दिवस कागदावर.

बर्फावर बोर्ड घसरतो तेव्हा तळ आणि बर्फ यांच्यामध्ये घर्षणाच्या उष्णतेने वितळलेल्या पाण्याचा अगदी पातळ थर असतो. तोच वंगणाचं काम करतो. वाळू वितळत नाही, त्यामुळे वंगण शून्य. त्यात वाळूचे कण बहुतेक क्वार्ट्‌झचे, कठीणपणाच्या मोह्‌स मोजपट्टीवर ७. बोर्डाचा तळ पॉलिथिनचा, म्हणजे मऊ आणि सूक्ष्म छिद्रांचा. ती छिद्रं मुद्दाम ठेवलेली असतात, गरम इस्त्रीने लावलेलं मेण आत मुरावं म्हणून. बर्फावर तो गुण, वाळूवर तोच दोष: कण तळात रुततात आणि मग वाळूवर वाळूच घासली जाते.

आता आकडे. उताराचा कोन ३२ अंश धरला तर खाली ओढणारा जोर आणि अडवणारं घर्षण यांच्यातली वजाबाकी उरते तेवढंच त्वरण. गुरुत्वत्वरण ९.८१ गुणिले (कोनाची साइन वजा घर्षणांक गुणिले कोसाइन). हवेचा विरोध सोडून देतो.

बर्फावर घर्षणांक ०.०५ धरला तर त्वरण येतं जवळजवळ ४.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. वाळूवर ०.६ धरला तर जेमतेम ०.२. मला ११ तारखेला जे दिसलं ते याच्याच आसपासचं होतं. आणि इथे खरी गंमत आहे. घर्षणांक ०.६ वरून ०.५ वर आणला, म्हणजे फक्त सहावा हिस्सा कमी केला, तर त्वरण ०.२ वरून १.०४ वर जातं. पाचपट! ०.४ वर आणला तर १.८७. चाळीस मीटरच्या उताराच्या शेवटी वेग काय मिळेल? पहिल्या बाबतीत तासाला १५ किलोमीटर, दुसऱ्यात ३३, तिसऱ्यात ४४.

बर्फावर हाच बदल, म्हणजे ०.०५ चं ०.०४, कुणाच्या लक्षातही येणार नाही, स्पर्धेतला खेळाडू सोडून. वाळूवर मात्र उताराची कमाल मर्यादा ठरलेली आणि घर्षण त्या मर्यादेला जवळजवळ टेकलेलं. दोघांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत हा सगळा खेळ चालतो. त्यामुळे टेकडी मोठी शोधण्यापेक्षा तळ सुधारण्यात जास्त कमाई आहे. आणखी एक फायदा: घर्षणांक ०.६ असेल तर ३१ अंशांखाली बोर्ड थांबतो, ०.४ असेल तर २२ अंशांपर्यंत चालतो. म्हणजे पायथ्याकडचा सैल उतारही हाती येतो.

१७ ऑक्टोबर

दुसरीकडे लोक काय करतात ते चाळलं.

वाळूच्या बोर्डांचा तळ सहसा लॅमिनेटचा असतो, फर्निचरवर लावतात तसा कडक आणि चकचकीत पत्रा, आणि त्यावर मेण चोळलेलं. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ग्रेट सँड ड्यून्स राष्ट्रीय उद्यानाचं प्रशासन तर येणाऱ्यांना आधीच सांगतं, की बर्फाच्या घसरगाड्या, पुठ्ठे, प्लॅस्टिकच्या थाळ्या कोरड्या वाळूवर चालत नाहीत. वाळूसाठीच बनवलेलं साधन आणा. उलट न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्‌समध्ये लोक प्लॅस्टिकच्या गोल थाळ्यांना मेण लावून मजेत घसरतात. तिथली वाळू जिप्समची आहे, मोह्‌स मोजपट्टीवर फक्त २, आणि उन्हातही क्वार्ट्‌झसारखी भाजत नाही. एकाने लिहिलेला अनुभव दुसऱ्याच्या टेकडीवर का लागू पडत नाही, त्याचं निम्मं उत्तर कणात आहे.

बाकी नावं नेहमीचीच: पेरूतलं वाकाचिना, नामिबियातलं स्वाकोपमुंड, पेरूतच नाझ्काजवळचा सेरो ब्लांको हा वाळूचा डोंगर, जो समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर जातो. मला सगळ्यात आवडलं ते जर्मनीतल्या हिर्शाऊचं माँटे काओलिनो. केओलिनच्या, म्हणजे चिनी मातीच्या, खाणीतून उरलेल्या क्वार्ट्‌झ वाळूचा सुमारे १२० मीटर उंच ढीग आहे तो, आणि वर न्यायला चक्क लिफ्ट आहे. वाळूवर चढणं म्हणजे काय ते ११ तारखेपासून कळलंय, त्यामुळे त्या लिफ्टचा हेवा वाटतो.

वेगाची कमाल मर्यादा कुठे आहे हेही पाहून ठेवलं. हेन्रिक माय याने २०१० साली स्वाकोपमुंडला वाळूवर स्कीने ताशी ९२.१२ किलोमीटर गाठले. म्हणजे तळ नीट असेल आणि उतार लांब असेल तर वाळू काही गरीब नाही.

ठरलं: तळावर लॅमिनेट चिकटवायचं.

२१ ऑक्टोबर

सांगायला एक ओळ, करायला आठवडा. कारण पॉलिथिनला काहीही चिकटत नाही. डिंक नाही, इपॉक्सी नाही, रबरी सोल्यूशन नाही. चिकटतं आणि वाळल्यावर नखाने सोलून निघतं. त्यात वर्षानुवर्षांचं मेण आत मुरलेलं.

आधी मेण काढलं. तळ कोमट करायचा, मेण वर येतं, गरम असतानाच पट्टीने खरवडायचं, मग सॉल्व्हंटने पुसायचं. फडक्यावर पिवळट डाग येणं बंद होईपर्यंत. नंतर ८० नंबरचा पॉलिश पेपर, आडवा-उभा. कडांचं पोलादही त्याच पेपरने खरडून घेतलं, कारण लॅमिनेट कडांच्या वरपर्यंत न्यायचं आहे.

मग ज्योत. पॉलिथिनच्या पृष्ठभागावरून गॅस टॉर्चची निळी ज्योत झर्रकन फिरवली की वरचा अगदी पातळ थर ऑक्सिडाइझ होतो आणि मग त्याला चिकटवायचं द्रव्य धरतं. हात एका जागी थांबला तर मात्र तळ वितळेल. नशीब, झालं की नाही ते पारखायला यंत्र लागत नाही. ज्योत फिरवायच्या आधी तळावर पाण्याचा थेंब सोडला, तो फुगीर गोळी होऊन राहिला आणि बोर्ड जरा कलता केला तर सरळ घरंगळून गेला. ज्योत फिरवल्यावर तिथेच थेंब सोडला. तो टेकला, कडेने पसरला आणि चपटा डाग होऊन बसला. बोर्ड कलवला तर मागे ओली वाट ठेवत सरकला. हातभर जागा झाली की थेंब, पुढची हातभर, पुन्हा थेंब. शेपटीजवळ एका पट्ट्यात तो पुन्हा गोळी झाला, तिथे परत ज्योत.

हा परिणाम टिकत नाही म्हणतात, म्हणून चिकटवायचं सामान आधीच तयार ठेवायला हवं. उद्या पुन्हा एकदा हलकी ज्योत देऊन लगेच पुढचं.

२२ ऑक्टोबर

मामांना बोलावलं होतं. आयुष्यभर सुतारकाम केलेला माणूस, सनमायका लावण्यात हात बसलेला. बोर्ड टेबलावर पालथा ठेवून त्यांनी एका डोळ्याने धार पाहिली आणि म्हणाले, "अरे, ही फळी वाकडी आहे की."

"मामा, ती मुद्दाम तशीच असते. मधे उचललेली. माणूस उभा राहिला की सपाट होते."

"मग सनमायका वाकड्या फळीवर लावून उपयोग काय? तू उभा राहिलास की खालची बाजू ताणणार. सनमायका काही ताणत नाही बाबा, तो सुटणार नाहीतर तडकणार."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. कमान असलेली फळी दाबून सपाट केली की तळाची लांबी किंचित वाढते. म्हणून ठरलं असं, की बोर्ड टेबलावर शिकंज्यांनी आधी सपाट दाबायचा आणि त्याच अवस्थेत लॅमिनेट लावायचं. म्हणजे स्वार उभा असताना लॅमिनेट निवांत राहील. रिकाम्या बोर्डात त्यावर थोडा दाब येईल, पण दाब तो सोसतो, ताण नाही.

०.८ मिलिमीटरचा पत्रा घेतला होता, चकचकीत पृष्ठभागाचा. जाड घेतला तर बोर्ड फार ताठ होतो आणि नाकाच्या वळणावर बसत नाही. चिकटवायला रबरी कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह, कारण वाळल्यावरही ते थोडं लवचीक राहतं आणि बोर्ड सतत वाकत असतो. दोन्ही बाजूंना लावायचं, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग एकदाच टेकवायचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून मामांनी मधे लाकडी काठ्या ठेवल्या, पत्रा वर अधांतरी नीट जुळवला आणि मधल्या काठीपासून एकेक काढत, मधून बाहेर दाबत गेले. रोलर नव्हे, कापडात गुंडाळलेला लाकडी ठोकळा आणि वरून हातोडी.

नाकाशी पत्रा हट्टीपणा करत होता. तिथे गरम हवेच्या बंदुकीने मऊ केला, वाकवला आणि गार होईपर्यंत वाळूच्या पिशव्यांनी दाबून ठेवला. नाकाच्या अगदी टोकाला बोर्ड चमच्यासारखा दोन दिशांनी वळतो. तिथे पत्रा बसणं शक्यच नव्हतं. टोकाआधी चार बोटं पत्रा संपवला आणि पुढची कड इपॉक्सीने भरून उताराची केली, म्हणजे वाळू खाली शिरून पत्रा उचलायची नाही.

२४ ऑक्टोबर

शिकंजे काढले. कमान थोडी परत आली, पूर्वीइतकी नाही. चालेल. कडेचा जास्तीचा पत्रा ट्रिमरने कापला, मग कानशीने कोन मारला. कड धारदार ठेवली नाही, बोटाला गोलसर लागेल इतकी घासली. पोलादी कडा आता पत्र्याच्या वर दडल्यात. वाळूत त्यांचा उपयोग नसतोच. बर्फात कड कापून धरते, वाळूत ती नांगर होते.

ठोकळ्याने सगळीकडे टिचक्या मारून पाहिलं. भरीव आवाज सगळीकडे, फक्त मागच्या पायाच्या डाव्या बाजूला नाण्याएवढ्या जागेत पोकळ. लक्ष ठेवायचं.

२ नोव्हेंबर

पहिली परीक्षा.

चढताना एक गोष्ट कळली: आडोशाच्या बाजूने सरळ वर जाणं म्हणजे शुद्ध शिक्षा. एक पाऊल टाकलं की निम्मं मागे. वाऱ्याकडच्या टणक बाजूने लांबून, मग माथ्याच्या धारेवरून गेलं तर दम कमी लागतो. वाळूवर बूटही जड पडतात. चढताना बाइंडिंगचे बूट पाठीवर आणि पायात साधे जोडे.

आधी माथ्यामागच्या सपाट जागेवर बोर्डावर वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि सामान तोलायच्या ताणकाट्याने ओढून पाहिलं. हे मोजमाप ओबडधोबड आहे, हात थरथरला की काटा नाचतो. पण तुलना करण्याइतकं पुरतं. उघड्या तळाचं माप चिकटवण्याआधीच घेऊन ठेवलं होतं, तेव्हा काटा भाराच्या निम्म्याच्या बराच वर होता. आता, मेण न लावता, तो निम्म्याच्या आसपास आला.

मग उभा राहिलो. माथ्याच्या धारेवर नाक बाहेर काढलं, वजन मागच्या पायावर, आणि सोडलं. हिसका द्यावा लागला नाही! बोर्ड निघाला, निघतच राहिला. आवाज बर्फासारखा खसखस नाही, एक सलग फुसफुस. मधे वाटलं की आता थांबेल, पण उलट वेग वाढत होता. पायथ्याचा सैल भागही पार करून मैदानात थोडा पुढे जाऊन थांबला. वळण वगैरे काही नाही, सरळ रेघ. मागे वळून पाहिलं तर उतारावर एक उथळ पन्हाळ, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी वाळू अजून ओघळत होती.

३ नोव्हेंबर

आज मेण. लॅमिनेटमध्ये ते मुरत नाही, त्यामुळे इस्त्रीचा काही फायदा नाही. कडक पॅराफिनची वडी थेट चोळायची, मग फडक्याने दाबून पातळ थर करायचा. जाड थर ठेवला तर मऊ मेणातच कण अडकतात. उन्हात तापल्यावर हे आणखी वाढतं, म्हणून मऊ मेण नकोच.

काटा आणखी खाली आला. घसरताना फरक काट्यापेक्षा जास्त जाणवला, आणि १४ ऑक्टोबरचा हिशेब पाहिला तर तसंच व्हायला हवं होतं.

मेण टिकतं मात्र एका उतरणीपुरतंच. दुसऱ्यांदा तसाच सोडला तर पहिले काही मीटर ठीक, मग सुस्ती. म्हणून वडी खिशात, आणि प्रत्येक चढणीनंतर माथ्यावर चोळणं. तेवढ्यात दमही परत येतो, हे त्यातलं बरं.

९ नोव्हेंबर

वळणं. या नोंदीसाठी जागा जास्त लागणार.

बर्फावर शिकलेलं अंग इथे आड येतं. बर्फावर वजन पुढे, कडेवर बोर्ड उभा करायचा, कड कापत जाते. वाळूवर वजन पुढे गेलं की नाक रुततं आणि माणूस बोर्डावरून पुढे फेकला जातो. म्हणून बाइंडिंग दोन्ही मागे सरकवले. बोर्डात एम६ स्क्रूंसाठी भोकांच्या ओळी असतातच, त्यातल्या मागच्या ओळींवर घेतले. त्यामुळे नाकाची बाजू लांब झाली आणि पोहल्यासारखी वर राहायला लागली.

कडेचं प्रकरण अवघड. टाचेकडची कड जोरात दाबली की वाळू कडेच्या पुढे साठते, ढीग होतो, बोर्ड थबकतो आणि वरचं अंग तसंच पुढे जातं. बर्फातली थांबायची पद्धत, म्हणजे बोर्ड आडवा करून कड रोवणं, इथे हाड मोडायची पद्धत आहे. जे चाललं ते असं: बोर्ड जवळपास सपाट ठेवायचा, अगदी थोडा कलवायचा, आणि वळण खांद्यांनी सुरू करायचं. आधी नजर, मग पुढचा खांदा, मग कंबर, शेवटी मागच्या पायाने शेपटी बाहेर ढकलायची. वळण मोठं आणि आळसावलेलं हवं. प्रत्येक वळणात वेग थोडा जातो आणि वाळूवर तो परत मिळायला वेळ लागतो, म्हणून दोन वळणांच्या मधे सरळ उतरणीचा एक तुकडा लागतो. वेग नसताना वळायचा प्रयत्न केला तर बोर्ड नुसता रुततो.

बोटांकडचं वळण लवकर आलं. टाचेकडचं आलं ते शेवटी, दुपार चढायच्या आत.

थांबायचं कसं? थांबायचं नाही, पायथ्याला वाळूच थांबवते. म्हणूनच पायथा मोकळा हवा हे पहिल्या दिवशी लिहिलेलं. आणि खाली कोणी उभं असेल तर सोडायचंच नाही. खालच्या माणसाने आधी बाजूला व्हायचं, हात वर करायचा, मग वरच्याने निघायचं.

पडण्याबद्दल: वाळू मऊ असते हा गैरसमज. ताशी तीस किलोमीटरने ती पॉलिश पेपर असते. पूर्ण बाह्या, लांब पँट, डोळ्यांवर बंद गॉगल, डोक्यावर हेल्मेट. तोंड बंद ठेवायचं, हे सांगूनही कोणी ऐकत नाही, मीही ओरडतोच.

१६ नोव्हेंबर

वेळ कोणती, यावर वाद घालता येईल. दुपारी वाळू कोरडी आणि वेगवान, पण तापलेली. ग्रेट सँड ड्यून्सच्या उद्यानात उन्हाळ्यात दुपारी वाळूचा पृष्ठभाग ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, म्हणजे अनवाणी पाय भाजणार. पहाटे थंड, पण वर दवाचा थर.

ओल्या वाळूचं एक कोडं मनात होतं. २०१४ साली ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं, की वाळूत बरोब्बर प्रमाणात पाणी असेल तर घसरगाडी ओढायला लागणारा जोर जवळजवळ निम्मा होतो. कोरड्या वाळूत गाडीपुढे ढीग साचतो, ओलसर वाळूत कणांमधले पाण्याचे सूक्ष्म पूल वाळूला ताठ ठेवतात. इजिप्तमध्ये जेहुतिहोतेप या प्राचीन अधिकाऱ्याच्या थडग्यात भलामोठा पुतळा घसरगाडीवरून ओढून नेतानाचं चित्र आहे, त्यात पुढे उभा एक माणूस वाळूवर पाणी ओततोय. त्याचा अर्थ या प्रयोगाने नीट लागतो. मग पहाटेचं दव आपल्याला मदत का करत नाही?

आज दोन्ही करून पाहिलं. उजाडताच सोडला तर बोर्ड स्पष्टपणे संथ. तळ उलटा करून पाहिला: मेणावर ओल्या कणांची पातळ साय बसलेली, बोटाने पुसली की निघणारी. ऊन वर आलं, वरचा थर पांढुरका दिसायला लागला, तसा वेग सुधारत गेला. माझा अंदाज असा, की दवाने फक्त वरचे काही मिलिमीटर भिजतात. आतली वाळू ताठ होण्याइतकं पाणी नाही आणि तळाला कण चिकटण्याइतकं मात्र आहे. दोन्हीकडचं वाईट तेवढं आपल्या वाट्याला. पाऊस पडून गेल्यावर, खोलवर ओल असताना, पुन्हा काटा लावून बघायला हवा.

तूर्त वेळ ठरली: दव उडाल्यापासून वाळू हाताला चटका देईपर्यंत. ढग दाटले, गडगडाट ऐकू आला तर लगेच खाली. उघड्या माथ्यावर सगळ्यात उंच वस्तू आपणच असतो.

२३ नोव्हेंबर

बाइंडिंगचे रॅचेट, म्हणजे पट्टे आवळायचे दातेरी खटके, अडकायला लागले. तेल घालायचा मोह होतो, घालू नये. तेलात बारीक वाळू बसली की दात घासणारी लेई तयार होते. पाण्याच्या धारेने धुवायचे, पूर्ण वाळवायचे, वाटलंच तर कोरडं सिलिकॉन. किनाऱ्याची वाळू असेल तर मीठही असतं, त्यामुळे स्क्रू काढून धुणं आलंच. एकाला तांबूस डाग दिसला.

१४ डिसेंबर

बोर्ड पालथा घालून तपासणी.

नाकाकडची इपॉक्सीची कड शाबूत. ती पोकळ जागा वाढलेली नाही. चकाकी मात्र सगळीकडे मंदावली. क्वार्ट्‌झ लॅमिनेटपेक्षाही कठीण आहे, तेव्हा हे व्हायचंच होतं. पॉलिथिनच्या तुलनेत ते फार सावकाश होतंय इतकंच. सगळ्यात जास्त झीज मागच्या पायाखाली, हाताच्या पंजाएवढ्या लंबगोलात. तिथे वरचा रंगीत थर निघून आतला तपकिरी गाभा दिसतोय. कडा धूसर, मधे गडद. टाचेकडच्या बाजूला तो डाग जास्त रुंद आहे. म्हणजे टाचेकडच्या वळणात मी अजूनही गरजेपेक्षा जास्त दाबतो, हे तळ सांगतोय.

मामांना फोटो पाठवला. त्यांचा निरोप: "सगळा काढू नकोस. पट्टा काप, नवा पट्टा बसव, सांधा शेपटीच्या दिशेने तिरका ठेव."

तसंच करायचं. बाइंडिंगमधल्या जागेपासून शेपटीपर्यंतचा तुकडा काढायचा, जुनं रबर गरम करून सोलायचं, खाली पॉलिथिन उघडं पडलं तर पुन्हा ज्योत आणि थेंबाची परीक्षा. बोर्ड पुन्हा सपाट दाबायचा. नव्या तुकड्याचा सांधा असा तिरका, की पुढून येणारी वाळू त्याच्या वरून जाईल, खाली शिरणार नाही. ट्रिमर मामांकडे आहे, तो रविवारी आणायचा. मेणाची वडीही संपत आलीये.